तसबीर की व्यक्तिचित्र?

पाठपोट: अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. गाडी अडलीय 'पोर्ट्रेट'पाशी. ऑगस्ट १९६२मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रो गेली आणि लगेचच त्याने तिचे चेहरे छापायला घेतले. मूळ फोटो 'नायगारा' (१९५३) या सिनेमाच्या जाहिरातीचा. मी 'मेरिलिनची तसबीर' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'व्यक्तिचित्र' केलं. म्हणे, तसबिरीला हार घालतात. अहो, मला तो हारच हवा होता!

आडकित्ता: 'व्यक्तिचित्र' म्हटलं की मला आधी निबंध आठवतो. शाळेत मी आमच्या दूधवाल्या मामांचं लिहिलं होतं, बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. मामांच्या ओठांना रंग फासावा असं कधी वाटलं नाही. रंगातल्या माणसाला वेगळा शब्द हवाच.

बोरूबहाद्दर: तसबीर मुळात परका शब्द. 'तसबी' म्हणजे जपमाळ, त्यावरून आला. देवाच्या फोटोसमोर जप करायचे, म्हणून तसबीर. 'चित्र' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

लिमलेट: बहाद्दर, जपमाळेची तसबी वेगळ्या धातूची. तसबीर आली अरबी 'तस्वीर'वरून, 'सूरत' तिची सख्खी बहीण. आणि 'चित्र' तरी संस्कृतातून उसनंच घेतलंय ना? इतक्या वर्षांत परत मागायला कोणी आलं नाही, एवढंच.

बोरूबहाद्दर: आईकडून घेतलेलं उसनं नसतं.

माजघर: आमच्याकडे भिंतीवर दोनच तऱ्हेच्या तसबिरी. एक देवांच्या, दुसऱ्या गेलेल्यांच्या. आजोबा असताना त्यांचा तोच फोटो टेबलावर होता, तेव्हा तो फोटोच. तेराव्यानंतर चौकट झाली, खिळा ठोकला, चंदनाचा हार चढला, आणि आजी म्हणू लागली, "तसबीर पुसून घे गं." पाठपोट, तुझा शब्द बरोबर आहे. त्या बाईंचा सिनेमाचा फोटो मेल्यावरच तसबीर झाला.

पाठपोट: माजघर, अगदी हेच! १९६२चंच एक चित्र न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. जवळजवळ सात फूट उंच सोनेरी पाटी आणि मधोमध एवढासा चेहरा. देव्हाऱ्यातल्यासारखा.

आडकित्ता: पण तसबीर एक असते. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या एका चित्रात तेच चेहरे पन्नास आहेत, पंचवीस रंगीत, पंचवीस काळेपांढरे. पन्नास तसबिरी म्हणजे दुकान झालं.

माजघर: मग? रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घाटकोपरच्या आणि पुढे मळवलीच्या छापखान्यातूनच घरोघर गेल्या. छापल्या म्हणून कोणी त्यांना तसबीर म्हणायचं थांबलं नाही.

छापखान्यातला: छपाईचा विषय निघाला म्हणून बोलतो. पाठपोटताई, वॉरहॉल छापायचा त्या 'सिल्कस्क्रीन'ला लेखात 'रेशमी पडदा' असं काही लिहू नका, हात जोडतो. स्क्रीनच म्हणा. मी वीस वर्षं लग्नपत्रिका मारल्या. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, नको तिथली छिद्रं बुजवायची, वर शाई ओतून रबराच्या पट्टीने ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. एकदा गणपतीचा शेंदूर सुताभर सरकला आणि सोंडेलाच कुंकू लागलं. पार्टीने चारशे पत्रिका तोंडावर फेकल्या. या वॉरहॉलच्या ओठांचा रंग ओठांबाहेर गेलेला दिसतो, तर २०२२ साली एक मेरिलिन साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. आमचं नशीब!

पाठपोट: काका, ते ओठ आणि पापण्या त्याने आधी कॅनव्हासवर रंगवल्या, काळा फोटो मागाहून वरून छापला. म्हणूनच तर अडकलेय. रंगवलेलं म्हणू की छापलेलं?

छापखान्यातला: वरून काळा मारला ना? मग छापलेलं.

बोरूबहाद्दर: त्याच लेखात 'कारकिर्दीचा गौरव' असंही असणार, पैज लावतो. कारकीर्द राज्यकर्त्याची असते. नट्या नोकरी करतात.

लिमलेट: आता कारकीर्द क्रिकेटपटूचीही असते, कृषी अधिकाऱ्याचीही. आणि 'नट्या' काय? अभिनेत्री म्हणा.

बोरूबहाद्दर: नटीत वाईट काय? संस्कृत नाटकात सूत्रधाराबरोबर नटीच येते.

लिमलेट: वगात 'नटवी'ही येते. तेही म्हणणार का?

आडकित्ता: गौरव शब्दावरच माझी शंका आहे. टेटमधल्या त्या चित्रात एका बाजूला रंगाची आतषबाजी आणि दुसऱ्या बाजूला चेहरा पुसट होत होत जवळजवळ नाहीसा. याला गौरव म्हणायचं की श्राद्ध?

बोरूबहाद्दर: श्राद्धाला चेहरा लागत नाही, गोत्र लागतं.

माजघर: वाद चालू द्या. मला एवढंच सांगा, एकवचनी 'तसबीर'ला बी दीर्घ आणि 'तसबिरी'त ऱ्हस्व, बरोबर ना? आमच्या सूनबाई 'तसबीरी' लिहितात आणि मोबाईलही तेच सुचवतो.

पाठपोट: ऱ्हस्व. पण मूळ प्रश्न... अंक उद्या छपाईला जातोय हो!

छापखान्यातला: कुठे छापताय? पुण्यात असेल तर एक फोन करा आधी.