पेटी आणि कार्डावर भिस्त नको

एकाने सल्ला दिलाय की ओमेगाच्या जुन्या 'स्नूपी' स्पीडमास्टर घड्याळासोबत (अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या आठवणीत काढलेलं, स्नूपी या कार्टून कुत्र्याचं चित्र असलेलं) मूळ पेटी आणि हमी-कार्ड मिळत असेल तर बिनधास्त ऑनलाइन घ्यावं. मला नाही पटत. पेट्या, कार्डं सुटी विकत मिळतात. आधी मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो मागा, म्हणजे तो त्या आवृत्तीच्या एकूण नगांत बसतो का ते कळेल. २००३ च्या आवृत्तीचे ५४४१ नग निघाले (अपोलो १३ ची मोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंदांची, त्यातलं हे ५४-४१!), २०१५ च्या आवृत्तीचे १९७० नग. २०२० चं मर्यादित आवृत्तीचं नाहीच, त्याला कोणी 'लिमिटेड' म्हणत असेल तर सरळ पुढची जाहिरात बघा. आणि जिनिव्हात २०२१ साली ३१ लाख फ्रँकला लिलावात गेलेलं स्पीडमास्टरही नंतर वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं निघालं. तेव्हा घड्याळजीकडून आतलं यंत्र तपासल्याशिवाय पैसे सोडू नका.