रील पाहून घेतलेली बाटली : तुमचे अनुभव

खाडीकाठ : काल माळ्यावरची ट्रंक आवरताना रत्नागिरीच्या वसतिगृहातली व्हिटॅमिन सी सीरमची बाटली सापडली, तळाशी उरलेला थेंब तांबडालाल झाला होता. एका मुलीचे रील पाहून आम्ही चौघींनी वर्गणी काढून ती मागवली होती. हवा आणि उजेड लागला की हे सीरम काळवंडते व त्याचा गुण जातो, हे त्या रीलमध्ये नव्हते, त्यामुळे खिडकीत ठेवलेली ती बाटली आम्ही पावसाळाभर भक्तिभावाने चेहऱ्याला लावत राहिलो. तुम्ही काय काय घेतलेत?

बंदरावरचा : माझे प्रकरण रेटिनॉलचे, म्हणजे त्वचा उन्हाला नाजूक करणाऱ्या व्हिटॅमिन ए गटातल्या द्रव्याचे. बारावीच्या सुट्टीत ते रोज रात्री लावायचो आणि पहाटे काकांबरोबर होडीवर जायचो. आठवड्यात नाकाचे साल निघाले. आई म्हणाली, “तोंडाचे आमसूल करून घेतलेस.” सनस्क्रीन लावण्याची सूचना रीलखाली होती, पण ‘अजून वाचा’ दाबल्यावर दिसणारी.

लेकीची आई : आमच्या दापोलीच्या दमट हवेत मुलीने कोरियन पद्धतीचे सात थर चढवले आणि कपाळभर पुटकुळ्या उठल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी फेसवॉश, हलके मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले. उरलेल्या बाटल्या तिने अजून टाकलेल्या नाहीत, कारण त्या फोटोत छान दिसतात!

औषधवाला, कुडाळ : महाविद्यालयीन मुले मोबाईलवरचा फोटो दाखवून गोरे करणारी ट्यूब मागतात. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. चेहरा आधी उजळल्यासारखा दिसतो, मग त्वचा पातळ होते, मुरुमे येतात आणि मलम थांबवले की लाली व आग सुरू होते. अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न देण्याचा नियम 2018 मध्ये आला. मी नकार दिला की मुले मलाच जुनाट म्हणतात.

बंदरावरचा : रीलवाल्यांनाही 2021 पासून पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ‘जाहिरात’ असे लिहिण्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण गाणे संपेपर्यंत ते वाचतो कोण?

लेकीची आई : औषधवाले दादा, आता मुलीने मुठेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचे, रील पाहिले आहे. चेहऱ्याला चालेल का?

औषधवाला, कुडाळ : ताई, टाचांना आणि ओठांना खुशाल लावू दे. पुटकुळ्या असलेल्या कपाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खाडीकाठ : आणि माझ्या आजीने मुठीने वळलेला गोळा हवा असेल तर कळवा, मात्र त्यावर लेबल मिळणार नाही.