फ्यूजन इंजिन मिळाले, तरी परग्रहावरची वस्ती व्यवहार्य होईल का?

क्षितिज (प्रश्न):
आजच्या रासायनिक रॉकेटांनी मंगळावर पोहोचायला साधारण सात ते नऊ महिने लागतात आणि निघण्याची अनुकूल वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येते. फ्यूजनवर, म्हणजे अणुकेंद्रकांच्या संमीलनावर चालणारे इंजिन तयार झाले तर हा काळ बराच कमी होईल, असे वारंवार वाचनात येते. माझी शंका अशी आहे की, त्यामुळे तिथली वस्ती खरोखर शक्य होईल, की मूळ अडचण प्रवासाची नाहीच? अभ्यास असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ध्रुव:
मी फक्त इंजिनाबद्दल लिहितो. यानाला किती वेग देता येईल हे मागे फेकल्या जाणाऱ्या झोताचा वेग आणि यानाच्या एकूण वस्तुमानात इंधनाचा वाटा किती, या दोन गोष्टींवर ठरते. त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये मांडलेल्या या समीकरणातून कोणत्याच रॉकेटची सुटका नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून झोताला सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेग मिळतो, तर संमीलनातून निघणारे कण सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतात. फ्यूजनचे आकर्षण आहे ते या फरकामुळे.

मात्र डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील संमीलनाच्या प्रयोगात २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली, तेव्हा ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्च झाली होती. हे अंतर एक दिवस भरून निघेल, असे मला मनापासून वाटते. मला अधिक चिंता उष्णतेची आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संमीलनातील सुमारे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांच्यावर विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्राने त्यांना वळवून झोत बनवता येत नाही, आणि जे यानाच्या भिंतींत अडतात त्यांची उष्णता होते. पोकळीत ही उष्णता केवळ प्रारणानेच, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागातून निघणाऱ्या किरणांच्या रूपानेच, बाहेर टाकता येते. १००० केल्विन तापमानाचा एक चौरस मीटर पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून फार तर ११३ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे १०० मेगावॅटसाठी जवळजवळ ९०० चौरस मीटर पत्रे यानासोबत वाहून न्यावे लागतील. हीलियम-३ हे हीलियमचे हलके रूप इंधनात वापरल्यास न्यूट्रॉन पुष्कळ कमी होतात, परंतु ते पृथ्वीवर अत्यल्प आहे. १९७० च्या दशकात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने आखलेल्या डीडलस यानासाठी ते गुरूच्या वातावरणातून गोळा करण्याचा विचार होता, यावरूनच अडचणीचा अंदाज यावा.

सजीवसृष्टी:
वरील विवेचन मला मान्य आहे, पण क्षितिज यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मंगळाच्या जमिनीवर शोधावे लागेल. तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवणाऱ्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. तत्त्व सिद्ध झाले, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

त्याहून बोलका दाखला अ‍ॅरिझोनातील बायोस्फियर-२ चा आहे. १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे त्या बंदिस्त वास्तूत राहिली. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन वापरला, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, आणि हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांपर्यंत घसरल्यावर तो बाहेरून सोडावा लागला. मंगळावर ‘बाहेरून’ काय सोडणार? शिवाय तिथले गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, आणि एवढ्या गुरुत्वात माणूस वर्षानुवर्षे राहिला तर हाडांचे, गर्भाचे, वाढत्या मुलांचे काय होईल याचा अनुभव कोणालाच नाही.

दूरयात्री:
तरीही इंजिनाला दुय्यम मानणे मला पटत नाही. नासाचे क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जात असताना रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) किरणोत्सर्ग नोंदला गेला. जाण्यायेण्याचे प्रत्येकी १८० दिवस धरले तर केवळ प्रवासातच सुमारे ६५० मिलिसिव्हर्ट भरतात, आणि नासाने अंतराळवीराला संपूर्ण कारकिर्दीसाठी घालून दिलेली मर्यादा ६०० आहे. प्रवास निम्म्यावर आला, तर हा धोकाही जवळपास निम्मा होतो. बिघडलेल्या पंपाचा सुटा भाग दोन वर्षांऐवजी दोन महिन्यांत पोहोचला, तर तिथली माणसे जगतील. आपण ‘वस्ती’ हा शब्द फार लवकर वापरतो. अंटार्क्टिकावर माणसे अनेक दशके सतत राहत आहेत, पण रसद थांबली तर तिथले एकही केंद्र टिकणार नाही. फ्यूजन इंजिनामुळे मंगळावर असा तळ नक्कीच उभा राहू शकेल.

क्षितिज:
सर्वांचे आभार. तळ आणि स्वावलंबी वस्ती यांतला फरक मी लक्षातच घेतला नव्हता. मग इंजिनाची वाट न पाहता, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात चक्राकार गतीने मंगळाइतके गुरुत्व निर्माण करून प्राण्यांच्या काही पिढ्या वाढवून पाहता येणार नाहीत का?

सजीवसृष्टी:
येतील. जपानने अंतराळ स्थानकात उंदरांवर कृत्रिम गुरुत्वाचे प्रयोग केले आहेत, मात्र ते काही आठवड्यांचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रयोग करायला नवे तंत्रज्ञान शोधावे लागणार नाही, पुरेसे मोठे चक्र कक्षेत न्यावे लागेल, आणि माझ्या मते पहिला पैसा तिथेच खर्च व्हायला हवा.