हर्सली हाऊसमध्ये ऑफिस कसं काय चालतं?

भटक्या: इंग्लंडमधल्या विंचेस्टरजवळच्या, आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या हर्सली हाऊसचे फोटो बघितले, लाल विटांचा वाडाच की हो तो! ऑफिससाठी आतल्या भिंती पाडल्या का?

लिंबूटिंबू: पाडतायत कुठल्या, ग्रेड दोन स्टार लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेली वारसा इमारत आहे. मूळ घर १७२०च्या दशकातलं, हीथकोट घराण्याचं, पण १९०५ला सर जॉर्ज कूपर यांनी घेतलं आणि मग बरंच वाढवलं, मला विचाराल तर जरा जास्तच. बाकी बहुतेक लोक शेजारच्या नव्या ब्लॉकमध्येच बसतात.

खिडकीवाला: १९४०ला साउदॅम्प्टनवर बॉम्ब पडले तेव्हा स्पिटफायर लढाऊ विमानांचे आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन इथे आले ना, चक्क बॉलरूममध्ये ड्रॉइंग बोर्ड मांडून. आयबीएम आली ती १९५८ला.

भटक्या: नाचाच्या हॉलात विमानं! भारीच.