यशिका-मॅटचे शटर मंद वेगाला अडकते

प्रश्न: वडिलांच्या यशिका-मॅट १२४जी या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे शटर १/१२५ सेकंदाला व्यवस्थित चालते, पण १ सेकंदाला उघडेच राहते. मुंबईत कोणाकडे दाखवावे?

उत्तर: मंद वेग सांभाळणाऱ्या दातेरी चक्रांतले वंगण सुकून चिकट झाले असावे. कृपया वरून तेल सोडू नका. ते शटरच्या पात्यांवर पसरले की पातीही चिकटतात. शटर खोलून धुणे हाच खरा उपाय आहे.

उत्तर: फोर्टच्या बोरा बाजारात चौकशी करा, मात्र लीफ शटर (या कॅमेऱ्यातले भिंगाजवळचे पात्यांचे शटर) स्वतः खोलणारा कारागीरच गाठा. या मॉडेलचे उत्पादन केव्हाच थांबल्याने सुटे भाग बहुधा दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भिंगात बुरशीचे बारीक तंतूही दिसतात.

उत्तर: तीही त्याच वेळी काढून घ्या; भिंगावरच्या कोटिंगपर्यंत (पातळ लेपापर्यंत) पोहोचलेले डाग मात्र जात नाहीत. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.