कन्व्हेन्शनला दिवसभर अंगावर वागवायचं चिलखत: फोमचं की थ्रीडी प्रिंटचं? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

कवचकुंडल

अ‍ॅनिमे किंवा गेमिंग कन्व्हेन्शनसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून जायच्या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी, चिलखती पात्र निवडलं की हल्ली बहुतेक जण सरळ प्रिंटर सुरू करतात. फाइल तयार मिळते, कडा कोरीव येतात, फोटोत देखणं दिसतं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. छाती, पाठ, खांदे, मांड्या, नडग्या हे सगळं ईव्हीए फोमचंच (व्यायामाच्या चटईसारख्या मऊ, लवचिक पत्र्याचंच) असावं. प्रवेशाची रांग, तपासणी, जिने, गर्दीतले धक्के, पॅनेल (मंचावरची चर्चा) ऐकायला जमिनीवर मांडी घालून बसणं, असे आठ-दहा तास त्या चिलखतात काढायचे असतात.

वजनाचा हिशेब करा. दाट ईव्हीए फोम घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा एक किलोचा. पीएलए म्हणजे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरलं जाणारं प्लास्टिक. त्याची घनता घनसेंटिमीटरला १.२४ ग्रॅम, तीन मिलिमीटर भरीव भिंतीचा तेवढाच पत्रा ३.७ किलोचा. चिलखताला दीड चौरस मीटर लागलं तर दीड किलो विरुद्ध साडेपाच किलो, वर फिलर (खाचा भरणारा लेप) आणि प्रायमर (रंगाआधीचा थर) वेगळे.

दुसरी गोष्ट धक्क्याची. फोम दबतो आणि परत फुगतो. पीएलए थरावर थर रचून छापलेला असतो, तो थरांच्या जोडावर तडकतो, आणि तडकलेली कड शेजारून जाणाऱ्याचा दंड ओरबाडते.

फोम चटईसारखा दिसतो ही नेहमीची तक्रार. तसा दिसतो कारण कामं अर्धवट सोडलेली असतात. बोथट पात्याने कापलं की कड कुरतडल्यासारखी येते. काही लांब काप झाले की पातं बदलायचं. रंगाआधी सगळ्या पृष्ठभागावरून हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवायची. छिद्रं मिटतात, फोमवर हलकी चमक येते. ही पायरी गाळली तर फोम रंग पीत राहतो. मग लवचिक प्रायमरचे तीन-चार पातळ हात, आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक.

जोड हा सगळ्यात नाजूक भाग. कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही बाजूंना लावायचा गोंद) दोन्ही कडांना पातळ लावून पाच ते दहा मिनिटं थांबायचं. बोट टेकवलं तर चिकटसर लागावं, पण बोटाला काही येऊ नये. तेव्हाच जोडायचं. आधी दोन्ही टोकं, मग मधोमध, मग उरलेलं. एका टोकाकडून दाबत गेलात तर फोम ताणला जातो आणि शेवटी अर्धा सेंटिमीटर उरतो. म्हणूनच कापण्याच्या कागदी नमुन्यावर दर चार-पाच सेंटिमीटरला जुळणीची खूण हवी. या सिमेंटच्या वाफा घातक असतात. धुळीचा साधा मास्क त्यांना अडवत नाही. रासायनिक वाफांसाठीचं काडतूस बसवलेला रेस्पिरेटर लागतो आणि खिडक्याही उघड्या ठेवाव्या लागतात.

थरावर_थर

असहमत. तीन मिलिमीटर धरून काढलेला हिशेब छातीच्या पत्र्यापुरता ठीक, पण तो सगळ्या प्रिंटवर कशाला लादायचा? हेल्मेटला दोन मिलिमीटरची भिंत पुरते. त्याचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे वजन अर्धा-पाऊण किलो. आणि हेल्मेटमध्ये फोम हरतोच: दोन्ही गाल सारखे येत नाहीत, घुमटावर सांध्यांच्या रेषा दिसतात, व्हायजर (डोळ्यांपुढची काच) बसवायला पक्की खाच मिळत नाही, पंख्याचे स्क्रू धरत नाहीत.

ठिसूळपणाबद्दलही अर्धंच सांगितलंय. प्रिंट तुटतो तो बहुतेकदा चुकीच्या दिशेने छापल्यामुळे. शिंग उभं छापलं की थर आडवे पडतात आणि पहिल्याच धक्क्याला मोडतं. तेच आडवं, लांबीत दोन भाग करून छापा, थर लांबीच्या दिशेने जातील. ०.२ मिलिमीटरचे थर, तीन-चार भिंती (बाहेरच्या कवचाच्या फेऱ्या), आत १५ टक्के भराव एवढ्यावर काम होतं. नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर, फिलर प्रायमर, २२०, पुन्हा प्रायमर, ४००. थेट ४०० ने सुरुवात केली तर थरांच्या रेषा रंगाखालून वर येतातच.

पीएलएचा खरा दोष उष्णता, आणि तो या चर्चेत आलेलाच नाही. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. उन्हात बंद गाडीत ठेवलेलं हेल्मेट बाहेर काढेपर्यंत वाकडं झालेलं असतं. पीईटीजी हे छापायचं दुसरं प्लास्टिक ऐंशीच्या जवळपास टिकतं. उन्हात प्रवास असेल तर तेच वापरा.

आता फोमचे दोष. कोपराजवळ रंगाला भेगा पडतात. वेल्क्रो नुसतं चिकटवलं तर संध्याकाळपर्यंत फोमची साल घेऊन सुटतं. बॅगेत दाबून नेलं तर मोड पडते.

कवचकुंडल

हेल्मेट मान्य. छाती-पाठ मान्य नाही. मोड हीट गनने परत सरळ होते. तडकलेला प्रिंट मात्र हॉलमध्ये दुरुस्त होत नाही. सुपरग्लूने धरला तरी त्याच रेषेवर पुन्हा जातो. वेल्क्रोसाठी फोममध्ये चीर पाडून पट्टा आत घ्यायचा आणि आतून कापडाचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे ओढ सालीवर येत नाही.

सुई_दोरा

दोघंही पत्र्यावरच अडकलात. दिवस निभावतो की नाही हे आतल्या पट्ट्यांवर ठरतं. साडेपाच किलो नीट कमरेवर उतरवले तर चालतात आणि दीड किलो मानेवर लटकले तर तीन तासांत मान धरते.

खांद्याचे तुकडे छातीला जोडू नका. आत घट्ट बसणारं जाकीट शिवा, त्यावर २५ मिलिमीटरचे पट्टे आणि बकलं लावा. खांदे जाकिटाला, मांड्यांचे तुकडे कमरेच्या पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्याला लटकवा. नाहीतर चालताना मांडीचं चिलखत गुडघ्यावर येतं. सगळी बकलं स्वतःच्या हाताला लागतील अशी पुढे किंवा बाजूला. पाठीवर बकल ठेवलं की शौचालयाला जायलाही सोबती लागतो, मग माणूस पाणी प्यायचंच टाळतो आणि दुपारी चक्कर येते. आत जाड सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं आणि काखेत घासतं. खेळाडूंचे घट्ट सिंथेटिक कपडे बरे.

चाचणी घरीच घ्या, निदान दोन तास. जिना चढा, खुर्चीत बसा, वाकून बुटाची नाडी बांधा. बसताना छातीचा खालचा काठ पोटात रुतला तर तिथे दोन सेंटिमीटर कमी करा.

रांगेतला_दुसरा

माझा विरोध मुळातच आहे. दिवसभर चिलखत का घालायचं? टोकियोचं कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांच्या कॉमिक्सचा मेळा, १९७५ पासून चालू आहे. तिथे पोशाख घालून येणं आणि तसंच घरी जाणं दोन्ही बंद. साध्या कपड्यांत यायचं, कपडे बदलायच्या खोलीत तयार व्हायचं, ठरलेल्या जागी फोटो द्यायचे, निघण्याआधी पुन्हा बदलायचं. ही शिस्त सगळीकडे लागू पडावी. स्टॉल्सच्या अरुंद वाटेत रुंद खांद्यांचा एक जण फोटोसाठी थांबला की मागची सगळी रांग तुंबते. चिलखत तीन-चार तास, उरलेला दिवस खरेदी आणि पॅनेल.

असं ठरवलं की बनवण्याचा विचारच बदलतो. एकात एक बसणारे तुकडे हवेत: नडगी मांडीत, मांडी छातीत. भाला अखंड नको. तीन भाग, आट्यांच्या जोडाने. बऱ्याच ठिकाणी शस्त्राच्या लांबीला मर्यादा असते. धातूचं पातं, खरी भासणारी बंदूक, काहीही फेकणारी वस्तू तर दारातच अडवतात. नियम नमुना कापण्याआधी वाचा, रंग वाळल्यावर नव्हे.

कवचकुंडल

तुकडे एकात एक बसवणं पटलं. तीन-चार तासांची मर्यादा पटत नाही. पोशाखांच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला तपासणी, परीक्षकांची भेट आणि मंच यांच्या मध्ये नुसतं थांबावं लागतं, आणि दर वेळी अर्धा तास घालून चिलखत उतरवणं-चढवणं जमत नाही. शिवाय परीक्षक काय स्वतः केलं हे विचारतात. दुसऱ्याची फाइल छापली असेल तर ते आधी सांगावं लागतं, आणि मग उरतं काय तर घासणं आणि रंगवणं.

थरावर_थर

‘नुसतं घासणं’ म्हणू नका. आठ तुकड्यांचं हेल्मेट सांधा न दिसता जोडणं हे कारागिराचंच काम आहे. फाइल कुणाची ते सांगायलाच हवं, यात वाद नाही.

सुई_दोरा

हेल्मेटवाल्यांसाठी एक राहिलं. व्हायजरवर वाफ धरते ती श्वासामुळे. ४० मिलिमीटरचे दोन पंखे लावा, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा. दोन्ही आत घेणारे लावले तर वाफ आतच फिरते. पॉवर बँकेला एकच छोटा पंखा जोडला तर ती काही वेळाने आपोआप बंद पडते, कारण इतका कमी प्रवाह तिला ‘काही जोडलेलंच नाही’ असा वाटतो. दोन्ही पंखे आणि डोळ्यांचे दिवे एकाच तारेवर घ्या, आणि अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय अस्तर चिकटवू नका. विमानाने जात असाल तर ती बँक हातातल्या सामानात ठेवा. चेक-इनला दिलेल्या बॅगेत लिथियमची सुटी बॅटरी चालत नाही.