शब्दचर्चा : ‘ॲनिमेटेड टेक्स्चर’ला पोत म्हणावं का?

प्रश्न : चेहऱ्यावर चढवायचे एआर इफेक्ट (फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चेहऱ्यावर बसवलेली संगणकी चित्रं) कसे बनवायचे, यावर मराठीत एक पुस्तिका लिहितोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. ‘ॲनिमेटेड टेक्स्चर’ला काय म्हणू? कोशात टेक्स्चर म्हणजे पोत. मग सचेतन पोत? हलता पोत? दोन्ही लिहून पाहिले, माझं मलाच हसू आलं.

प्रतिसाद : हसू आलं ते बरंच झालं. पोत हा फार चांगला शब्द आहे, पण तो बोटांना कळतो. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, अगदी गाणाऱ्याच्या आवाजाचा पोत म्हटलं तरी त्या वस्तूच्या अंगचीच वीण अभिप्रेत असते. संगणकातल्या टेक्स्चरचं उलटं आहे. ते वरून चढवलेलं चित्र असतं. आकार कोराच असतो, त्यावर आपण लाकूड चढवू नाहीतर ज्वाळा. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत मांडली, तेव्हापासून या अर्थाचं टेक्स्चर चालत आलंय.

व्युत्पत्ती पाहिली तर पोत चूक नाही. मूळ लॅटिन धातू ‘विणणे’ या अर्थाचा, टेक्स्टाइल आणि टेक्स्ट त्याचीच भावंडं. पण शब्द मुळावर चालत नाही, वापरावर चालतो. शिवाय मराठीत गळ्यातली मण्यांची पोत आहे आणि हातात धरून नाचवायची मशाल, तीही पोतच. तुम्ही ‘ज्वाळांचा हलता पोत’ लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरळ मशाल उभी राहील!

दुसरा प्रतिसाद : खोळ कसा वाटतो? उशीची असते तशी. थ्रीडी आकार शिवणीवर कापून सपाट उलगडतात, त्यावर चित्र काढतात आणि पुन्हा चढवतात, म्हणजे शिंप्याचं बेतणंच झालं. (त्या सपाट नकाशाच्या अक्षांना यू आणि व्ही म्हणतात, कारण एक्स, वाय, झेड आधीच आकाराने अडवलेत.)

पहिला प्रतिसादक : समजावून सांगायला छान, पण संज्ञा म्हणून नको. खोळ म्हणजे अख्खं आवरण. टेक्स्चर म्हणजे त्या खोळीवरची छपाई. आणि एकाच आवरणाला रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, पारदर्शकतेचं वेगळं अशी टेक्स्चरं लागतात. मी तरी टेक्स्चर तसंच ठेवेन. मराठी शोधायची तर त्याच्या आजूबाजूच्या शब्दांसाठी शोधा, तिथे ती आयती सापडते.

हलतं टेक्स्चर म्हणजे बहुतेकदा एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची माळ. एक चित्र ती चौकट. सगळ्या चौकटी एकाच मोठ्या चित्रात ओळी-स्तंभांत मांडल्या की स्प्राइट शीट, तिला मी चौकटींचा तक्ता म्हणतो. १०२४ बाय १०२४ पिक्सेलच्या तक्त्यात चार ओळी, चार स्तंभ घेतले की २५६ च्या १६ चौकटी बसतात. हा आटापिटा कशासाठी? पीएनजी फाइल कितीही लहान असली तरी फोनच्या मेमरीत ती उलगडूनच बसते. १०२४ चं एक चित्र, दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४ एमबी. पूर्ण आकाराच्या ४८ चौकटी सुट्ट्या ठेवल्या तर १९२ एमबी. फोन तापणारच.

लूपला, म्हणजे माळ संपली की पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरू होण्याला, मात्र आवर्तनच म्हणा. चांगलं आवर्तन कुठे संपलं ते कळत नाही, थेट समेवर येतं. नवशिके शेवटची चौकट हुबेहूब पहिलीसारखी काढतात आणि हालचाल दर फेरीला किंचित अडखळते, कारण तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं. शेवटची चौकट समेच्या आधीची मात्रा हवी, सम नव्हे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. गालावर लुकलुकणाऱ्या ठिणग्या करत होतो. सेकंदाला २४ चौकटी, दोन सेकंदांच्या ४८. तक्ता केला सात बाय सातचा. एक घर रिकामं राहिलं, त्याकडे लक्षच गेलं नाही. दर फेरीला ठिणग्या क्षणभर गायब! मी रंग तपासले, पारदर्शकता तपासली, अर्धी रात्र घालवली. शेवटी सॉफ्टवेअरमध्ये दिलेली चौकटींची संख्या ४९ ची ४८ केली आणि उघडझाप थांबली. सहा बाय आठ केलं असतं तर प्रश्नच आला नसता.

तिसरा प्रतिसाद : ठिणग्यांवरून आठवलं, जिफमधून टेक्स्चर घेऊ नका असंही लिहा. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर अजिबात दिसत नाही, अधलंमधलं काही नाही. उजेडाची विरत जाणारी कड कातरल्यासारखी होते.

आणि ‘फिल्टर’चं काय करणार? गाळणी काढून टाकते, हा फिल्टर तर चेहऱ्यावर कान-मिशा वाढवतो.

प्रश्नकर्ता : फिल्टर बोलीत रुळलाय, त्याच्याशी कोण भांडणार. स्नॅपचॅटवाले लेन्स म्हणतात, टिकटॉकवाले इफेक्ट. मी पुस्तिकेत इफेक्ट ठेवतोय. ‘ॲनिमेटेड’च्या मुळाशी श्वास, प्राण आहे, म्हणून सचेतन सोडवत नव्हतं, पण नुसता धूर सरकतोय त्याला चेतना कसली? ‘हलतं टेक्स्चर’ लिहितो. कुठल्या सॉफ्टवेअरच्या मेनूला शब्द बांधायचा नाही, हेही ठरवलं. स्पार्क एआरमध्ये यालाच ‘ॲनिमेशन सीक्वेन्स’ म्हणायचे आणि १४ जानेवारी २०२५ ला ते सॉफ्टवेअरच बंद झालं.

एकच शंका उरली. अनेकवचन टेक्स्चर्स करू का?

पहिला प्रतिसादक : छे. एक टेक्स्चर, चार टेक्स्चरं. वर मी न विचारता तसंच लिहून गेलोय, बघा.